ग्लॉक १९ की सिग पी३२०? घरासाठी पिस्तूल घेऊ पाहणाऱ्या वाचकाला उत्तर

वाचकाचं पत्र :

"आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसजवळ प्लेनोला राहतो. मी नागरिक झालोय, पत्नीकडे ग्रीन कार्ड आहे. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची. आमच्या गल्लीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या, तेव्हापासून घरात एक पिस्तूल असावं असं आम्हा दोघांना वाटू लागलंय. बरंच वाचून मी दोन नावांवर आलोय : ग्लॉक १९, पाचव्या पिढीचं, आणि सिग साउअरचं पी३२० कॉम्पॅक्ट. दुकानात हातात घेतल्यावर सिग जास्त आवडलं. ट्रिगर फार छान वाटला, शिवाय अमेरिकी सैन्यानेही तेच घेतलंय. पण ते आपोआप उडतं असंही कानावर येतं. पत्नीचे हात लहान आहेत आणि तिलाही ते चालवता यायला हवं. दुसरं म्हणजे ऑफिसातला एक मित्र एच-वन-बी व्हिसावर आहे. तो म्हणतो, तू घेतोच आहेस तर माझ्यासाठीही एक घे, पैसे मी देतो. दिवाळीच्या सुमारास आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी येणार आहे, तिला हे कसं सांगावं तेही सुचत नाही."

मित्राचं आधी बोलते, कारण तिथे उशीर केलात तर नुकसान तुम्हा दोघांचं आहे. त्याला आजच स्पष्ट नाही म्हणा. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, बी-टू अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. अपवाद मोजके आहेत. त्यातला लोकांना ठाऊक असलेला अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो मार्ग त्याला घ्यायचा असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून त्याने स्वतः, स्वतःच्या नावावर घ्यावं. तुम्ही मध्ये पडू नका. दुकानात तुम्हाला जो फॉर्म ४४७३ भरावा लागेल, त्यात विचारलेलंच असतं की हे शस्त्र घेणारे खरोखर तुम्हीच ना. दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी घेऊन तिथे 'हो' लिहिलंत की खोटी माहिती दिल्याचा गुन्हा झाला. शिवाय ज्याला शस्त्र बाळगायची मनाई आहे अशा माणसासाठी जाणूनबुजून खरेदी करणं, ज्याला इथे 'स्ट्रॉ पर्चेस' म्हणतात, तो २०२२ च्या कायद्यापासून स्वतंत्र केंद्रीय गुन्हा आहे आणि त्याला पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि मित्राचं काय होईल? शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाने हा धोका पत्करावा, असं त्याच्या कुठल्याही हितचिंतकाला वाटणार नाही.

त्याला 'नुसता अनुभव घे' म्हणून रेंजवर, म्हणजे गोळीबाराचा सराव करायच्या जागीही नेऊ नका. पिस्तूल काही मिनिटं हातात घेणं हादेखील कायद्याच्या नजरेत ताबाच ठरतो. फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याचा विद्यार्थी म्हणून राहण्याचा दर्जा संपला होता. रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्याबद्दल त्याच्यावर खटला भरला गेला आणि ते प्रकरण २०१९ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आपल्या मराठी मंडळातली कितीतरी तरुण मंडळी शनिवारी मजा म्हणून रेंजवर जातात, त्यांच्यापैकी अनेकांना हे माहीतच नसतं. म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

आता पिस्तुलांकडे वळू.

तुमचा जीव जिथे अडकलाय तिथूनच सुरुवात करते. सिग आपोआप उडतं का, हे समजून घ्यायला दोन्हींच्या पोटात काय चालतं ते आधी पाहायला हवं. दोन्ही स्ट्रायकरची पिस्तुलं आहेत. म्हणजे मागे दिसणारा घोडा (हॅमर) नाही. स्लाइडच्या, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, आत स्प्रिंगवर एक पिन असते, तिलाच स्ट्रायकर म्हणतात, आणि ती सुटून काडतुसाच्या बुडावर आपटते. लहानपणी गलोल हाताळली असेल तर फरक चटकन कळेल. स्लाइड ओढून सोडल्यावर ग्लॉकचं रबर अर्धवट ताणलेलं असतं आणि उरलेला ताण ट्रिगर दाबताना तुमचं बोट देतं. पी३२० चं रबर आधीच जवळजवळ पूर्ण ताणलेलं असतं, बोटाने ते फक्त सोडायचं असतं. दुकानात तुम्हाला जो ट्रिगर आवडला, तो नेमका याच कारणाने आवडला. ओढ कमी, सुटका स्वच्छ. ज्या गुणावर तुम्ही भाळलात आणि ज्या भीतीने तुम्ही थबकलात, त्या दोन्हींचं मूळ एकाच रचनेत आहे.

पिन पूर्ण ताणलेली असणं हा स्वतःहून दोष नव्हे. अशी इतरही चांगली पिस्तुलं बाजारात आहेत. दोन्ही पिस्तुलांत पिनच्या वाटेत एक अडसर असतो आणि ट्रिगर मागे गेल्याशिवाय तो हलू नये अशी योजना असते. ग्लॉकमध्ये याखेरीज ट्रिगरच्या पात्यातच आणखी एक छोटं पातं आहे. बोट मधोमध टेकून ते दाबलं गेल्याशिवाय ट्रिगर मागे सरकत नाही. कडेने काही घासलं किंवा पिस्तूल हातातून पडलं तर ट्रिगर आपल्याच वजनाने मागे जाऊ नये म्हणून ते असतं. पी३२० च्या नेहमीच्या ट्रिगरवर असं पातं नाही. हाताने लावायचं सेफ्टीचं बटण काही मॉडेलांवर मिळतं, पण दुकानात सहसा समोर येतं ते बिनबटणाचं.

पुढचा इतिहास असा. पी३२० बाजारात आलं २०१४ मध्ये. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने नव्या पिस्तुलासाठी त्याची निवड केली. एम१७ आणि एम१८ ही त्याचीच रूपं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असं पुढे आलं की विशिष्ट कोनात, स्लाइडच्या मागच्या बाजूवर पडलं तर साध्या बाजारातल्या पी३२० मधून गोळी सुटू शकते. ट्रिगरचा भाग जड होता आणि आपटल्यावर आपल्याच जोराने तो मागे जात होता. कंपनीने 'स्वेच्छेने सुधारणा' अशी योजना काढली आणि हलका ट्रिगर, हलका स्ट्रायकर, नवे भाग फुकट बसवून द्यायला सुरुवात केली. पडून सुटण्याचा प्रश्न तिथे बराचसा मिटला.

पण त्यानंतर दुसऱ्याच प्रकारच्या तक्रारी येत राहिल्या. पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात होतं, ट्रिगरला कोणी हात लावला नव्हता, तरी गोळी सुटली आणि मांडीत किंवा पायात घुसली, अशा. तक्रार करणाऱ्यांत पोलीसही आहेत, म्हणजे रोज शस्त्र वागवणारी माणसं. कंपनीचं म्हणणं ठाम आहे की ट्रिगर दाबल्याशिवाय हे पिस्तूल उडत नाही. न्यायालयांतला कौल संमिश्र आहे. काही दावे फेटाळले गेले. २०२४ मध्ये जॉर्जियातल्या आणि फिलाडेल्फियातल्या ज्यूरींनी मात्र जखमींच्या बाजूने भरपाईचे निकाल दिले. मिलवॉकीच्या पोलिसांनी पी३२० बाजूला ठेवून ग्लॉक घेतली. जुलै २०२५ मध्ये इमिग्रेशनच्या अंमलबजावणी खात्याने, म्हणजे आईसने, आपल्या अधिकाऱ्यांना ते वापरायला बंदी केली.

त्याच महिन्यात वायोमिंगमधल्या एका हवाई तळावर एम१८ च्या गोळीने एका जवानाचा मृत्यू झाला आणि हवाई दलाच्या एका मोठ्या विभागाने एम१८ चा वापर थांबवला. तुम्ही ऐकलेली बातमी बहुधा हीच. पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. नंतर त्या प्रकरणात दुसऱ्याच एका जवानाला अटक झाली आणि तपासण्या करून ऑगस्टच्या अखेरीस पिस्तुलं पुन्हा वापरात आली. म्हणून मथळ्यांवरून मत बनवू नका, कुठल्याच बाजूचं.

मग माझं मत काय? घरासाठी, पहिलंच पिस्तूल म्हणून, या दोघांत ग्लॉक घ्या. पी३२० सदोष आहे हे सिद्ध झालंय म्हणून मी हे म्हणत नाही. शंका मिटलेली नाही म्हणून म्हणते. ज्या घरात दोन मुलं आहेत आणि दोन्ही मोठी माणसं नवखी आहेत, तिथे विषाची परीक्षा कशाला घ्यायची? ग्लॉक १९ ही त्याच पैशात, त्याच ताकदीची, १९८८ पासून चालत आलेली रचना आहे. तिचा मूळ नमुना ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारला होता. इतक्या वर्षांत तिच्या खोडी सगळ्यांना माहीत झाल्या आहेत. आणखी एक व्यवहाराची बाब आहे. काही रेंजनी आणि प्रशिक्षणवर्गांनी पी३२० आत आणायला मनाई केली आहे. शिकायलाच जागा मिळणार नसेल तर छान ट्रिगरचा उपयोग काय?

सैन्याने घेतलं हा मुद्दा तुमच्यासाठी जवळजवळ गैरलागू आहे. लष्कराच्या एम१७ आणि एम१८ ला हाताने लावायचं सेफ्टीचं बटण असतं, तुम्ही दुकानात पाहिलेल्याला बहुधा नसेल. त्या निवडीत पैशांचा वाटाही मोठा होता. सिगची बोली ग्लॉकपेक्षा सुमारे १० कोटी डॉलरने कमी होती. ग्लॉकने त्या निवडीला आव्हान दिलं, ते जून २०१७ मध्ये फेटाळलं गेलं. लाखो पिस्तुलं घेणाऱ्याचं गणित एक असतं, एकच घेऊन पलंगाशेजारी ठेवणाऱ्याचं वेगळं.

पण ग्लॉक म्हणजे निर्धोक, असं समजून घरी आणू नका. सफाईसाठी ग्लॉक उघडायचं तर आधी ट्रिगर दाबावा लागतो. माणसाने मॅगझिन (मुठीतली काडतुसांची डबी) काढलं, पिस्तूल रिकामं झालं असं धरून चालला, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, एक काडतूस राहिलं होतं आणि ट्रिगर दाबला : घरातले कितीतरी अपघात असेच झालेत. या बाबतीत पी३२० सरस आहे. त्यात स्लाइड मागे अडकवायची, बाजूची खिट्टी फिरवायची, ट्रिगरला हात लावायची गरजच नाही. आणि स्लाइड मागे अडकली की चेंबर डोळ्यांना दिसतंच. ग्लॉक घेतलंत तर ही उणीव शिस्तीने भरून काढावी लागेल. आधी मॅगझिन काढा, मगच स्लाइड ओढा. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. मग स्लाइड मागे अडकवून आत पाहा आणि करंगळी घालून चाचपा. काडतुसं तेव्हा त्या खोलीतच नकोत. एवढं झाल्यावरही नळी सुरक्षित दिशेला ठेवूनच ट्रिगर दाबायचा. दोघांनी, प्रत्येक वेळी, कितीही घाई असली तरी.

आता वहिनींचा हात. खरं तर निवड त्यांच्या हातावरच ठरायला हवी. तुमच्या हातात दोन्ही बसतील. नेम दोन्हींचा तुमच्यापेक्षा नक्कीच चांगला आहे. दोन्ही नऊ मिलिमीटरची, दोन्हींत पंधरा काडतुसं, दोन्ही रिकामी असताना पाऊण किलोच्या आत. फरक मुठीत आहे. पी३२० ची रचना अशी की कायद्याच्या दृष्टीने 'शस्त्र' म्हणजे आतला एक धातूचा भाग, ज्यावर क्रमांक असतो. बाहेरची मूठ लहान, मध्यम, मोठी अशी वेगळी विकत घेऊन बदलता येते. लहान हातांसाठी ही खरोखर चांगली सोय आहे आणि सिगच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा हाच. ग्लॉकबरोबर मुठीच्या पाठीला लावायच्या पट्ट्या मिळतात, पण त्यांनी मूठ मोठीच होते. पट्टी न लावता असते तीच सगळ्यांत लहान.

तेव्हा दुकानात पैसे मोजण्याआधी, जिथे भाड्याने पिस्तुलं मिळतात अशा रेंजवर दोघं जा. सोबत शिकवणारं कोणीतरी असू दे. तुम्ही थोडं मागे उभे राहा. नवऱ्याने कानाशी सूचना देत राहिलं की बायका गप्प बसतात आणि मग खरं काय अडतंय ते कळत नाही, हे मी शिकवताना पुष्कळदा पाहिलंय. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या वरच्या टोकाला बरोबर मागून बसली असताना त्यांच्या बोटाचं पेर ट्रिगरवर सहज पोचतं का, ते बघा. पोचण्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल तर ते पिस्तूल त्यांचं नव्हे. स्लाइड ओढून मागे अडकवणं त्यांना एकटीने जमतं का? बहुतेकींना पहिल्यांदा जमत नाही, कारण त्या एका हाताने स्लाइड खेचायला जातात. स्लाइड घट्ट धरून दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकलली की ताकद फारशी लागत नाही. मॅगझिनमध्ये शेवटची दोन-तीन काडतुसं दाबताना अंगठा दुखतोच. त्यासाठी छोटं प्लास्टिकचं लोडर मिळतं, ते घ्या. मनगट ढिलं राहिलं तर हलक्या पिस्तुलात रिकामं काडतूस अडकतं, मग माणूस घाबरतो आणि पिस्तूल खराब आहे म्हणतो. ते पिस्तुलाच्या नव्हे, पकडीच्या खाती जातं आणि थोड्या सरावाने सुधारतं.

एवढं करून ग्लॉक १९ त्यांच्या हाताला मोठंच वाटलं, तर हट्ट करू नका. वॉल्थरने २०२२ मध्ये पीडीपीची एफ मालिका काढली ती लहान हातांसाठीच. तिचा ट्रिगर बोटाच्या जवळ आहे आणि स्लाइड ओढायलाही सोपी. सिगच हवं असेल तर पी३६५ पाहा. ती २०१८ मध्ये आलेली वेगळी रचना आहे, पी३२० च्या तक्रारी तिला चिकटवू नयेत. फक्त इतकं लहान पिस्तूल हाताला झटका जास्त देतं. हेही त्यांनी चालवून पाहिल्यावरच ठरवा.

पी३२० च्या किमतीत सूट मिळाली तरी मोहात पडू नका. पाचव्या पिढीचं नवं ग्लॉक १९ २०२५ मध्ये साधारण ५०० ते ६०० डॉलरच्या आसपास मिळत होतं आणि दोन्हींच्या किमतीत फरक पडला तरी शंभर डॉलरच्या आतबाहेर. तरीही कधी कोणाचं जुनं पी३२० घ्यायची वेळ आली, तर २०१७ ची सुधारणा झालेलं आहे का ते क्रमांकावरून कंपनीकडून तपासून घेतल्याशिवाय हात लावू नका.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी तिचीच वाटते. पिस्तूल ठेवणार कुठे? कपाटाच्या वरच्या फळीवर, साड्यांच्या घडीखाली, हे ठेवणं नव्हे. मुलांना घरातली प्रत्येक लपवायची जागा ठाऊक असते. पलंगाशेजारी भिंतीला किंवा जड फर्निचरला बोल्टने पक्की केलेली पोलादी पेटी हवी, बटणांच्या आकड्यांवर उघडणारी, अंधारात चाचपून उघडता येईल अशी. शंभर-दोनशे डॉलर लागतील. ते पिस्तुलाच्या किमतीतच धरा आणि पेटी आधी बसवा, पिस्तूल नंतर आणा. आकडा वाढदिवसाचा किंवा फोनचा नको. टेक्सासच्या कायद्यात भरलेलं शस्त्र निष्काळजीपणे ठेवल्यामुळे सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा आहे. पण मला कायद्यापेक्षा तुमच्या मुलाविषयी बोलायचंय.

आठ वर्षांच्या मुलीची काळजी सगळे करतात. तेरा वर्षांच्या मुलाची कमी करतात, कारण तो 'समजूतदार' असतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. चोर-दरोडेखोरांच्या बातम्यांत हे बुडून जातं. किशोरवयात परीक्षेतला एक गुण, मित्रांनी केलेली एक चेष्टा, एक भांडण एवढंही पुरतं. ती लाट काही वेळात ओसरते, पण त्या वेळात हाताशी भरलेलं पिस्तूल असेल तर परत फिरायला जागा उरत नाही. म्हणून पेटी कायम बंद ठेवा, आकडा फक्त तुम्हा दोघांना माहीत असू दे, आणि घरात कोणाच्याही मनाची अवस्था बरी नसेल त्या काळात पिस्तूल घराबाहेर, एखाद्या दुकानाच्या किंवा रेंजच्या तिजोरीत ठेवायची तयारी आत्ताच करून ठेवा. त्यात तुम्ही दोघंही आलात. ९८८ हा इथला मदतीचा नंबर मुलालाही सांगून ठेवा. आपल्याकडे हे विषय घरात काढायला संकोच वाटतो, पण पिस्तूल आणायचं ठरवलं त्या दिवशी तो संकोच बाजूला ठेवावा लागतो.

मुलांना पिस्तुलाबद्दल सांगा, लपवू नका. दुसऱ्याच्या घरी असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्यांना सांगायचं, एवढं मुलीलाही कळतं. रेंजवरून आलात की कपडे बदलून, हात-तोंड साबणाने धुऊनच तिला जवळ घ्या. काडतुसातलं शिसं हाताला आणि कपड्यांना लागून घरात येतं आणि लहान मुलांना ते फार वाईट.

घरफोडीची भीती मी हलकी लेखत नाही. मात्र घरात शिरणारे चोर शक्यतो घर रिकामं असतानाच येतात आणि त्यांना सापडणाऱ्या वस्तूंत पिस्तूल ही सर्वांत सहज विकली जाणारी. बोल्ट केलेली पेटी त्यासाठीही हवी. गाडीत तर ते रात्रभर कधीच ठेवू नका. दाराची चौकट मजबूत करणं, लांब स्क्रू, दिवे, कॅमेरा, शेजाऱ्यांशी ओळख, हे सगळं पिस्तुलाच्या आधी झालेलं असावं.

आईंना सांगा, नक्की सांगा. त्या बी-टू व्हिसावर येणार, म्हणजे तुमच्या मित्राला लागू होणारी मनाई त्यांनाही लागू. शस्त्रापर्यंत त्यांचा हात पोचतो अशी स्थिती घरात असणंच योग्य नाही. पेटीचा आकडा त्यांना सांगू नका आणि का सांगत नाही तेही समजावा. 'आई, हे इथल्या कायद्याने तुझ्या हाती द्यायचं नाही, आणि मुलांच्याही नाही, म्हणून ही पेटी आम्हा दोघांखेरीज कोणी उघडायची नाही,' एवढं पुरे. सहा महिने एका छताखाली राहणाऱ्या माणसाला पलंगाशेजारची कुलूपबंद पेटी दिसणारच. तुम्ही सांगितलं नाहीत तर नातवंडं सांगतील, आणि ते त्यांना जास्त लागेल. त्यांना घरात पिस्तूल असणंच पटलं नाही तर त्यांचं म्हणणं शांतपणे ऐका. कदाचित त्या असेपर्यंत ते रेंजच्या तिजोरीत ठेवणं तुम्हालाही बरं वाटेल.

एक शेवटचं, आईंना पोचवायला किंवा सुट्टीला तुम्ही सांगलीला जाल तेव्हासाठी. रेंजवर न्यायची बॅग वेगळी ठेवा आणि ती बॅग प्रवासाला कधीही घेऊ नका. बाजूच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस अमेरिकेतल्या विमानतळावर तुमचा खोळंबा करेल. मुंबईला ते सामानात सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, पासपोर्ट अमेरिकेचा असला तरी. नऊ मिलिमीटरचं काडतूस जेमतेम बोटाच्या पेराएवढं असतं आणि बॅगेच्या शिवणीत सहज दडतं. बॅग खरेदी कराल तेव्हा तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'रेंज' असं लिहूनच घरात आणा.